दळण, वीज आणि बातमी

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याच्या पश्चिम अंगाला एक मोठे धरण आहे आणि पूर्व अंगाला हिंजवडी. धरण मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळावी म्हणून शंभर वर्षांपूर्वी बांधले गेले. हिंजवडीत परदेशातल्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे व्यवहार सांभाळणारी सॉफ्टवेअर लिहिली जातात. या दोहोंच्या मधल्या डोंगरी गावांत १९८०च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी बायकांकडून जात्यावरच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. पुढे ते काम महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत पोचले आणि ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. ऊर्जा, माहिती आणि संस्कृती हे विषय विद्यापीठात वेगवेगळ्या इमारतींत शिकवले जातात. इंजिनिअरला ओवीशी आणि लोकसाहित्याच्या प्राध्यापकाला मेगावॉटशी काही देणेघेणे नसते. मुळशीत मात्र हे सगळे एकाच पंचायत समितीच्या हद्दीत नांदते. म्हणून या लेखसंग्रहाची प्रस्तावना मुळशीपासून.

संग्रहातले लेख विषयांनी एकमेकांपासून दूर आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच म्हणणे आहे. समाजातली कामे कुठल्या शक्तीवर चालतात आणि समाजातली बातमी कुठल्या वाटेने फिरते, हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. एकाचे उत्तर बदलले की दुसऱ्याचेही बदलते. त्या घालमेलीत कोणाच्या हाती काय आले याची जाहिरात होते. कोणाच्या हातून काय गेले, ते बहुधा कोणी लिहून ठेवत नाही.

जातेच घेऊ. ते यंत्र आहे याचा आपल्याला विसर पडला आहे, कारण हल्ली ते ‘अस्सल गावरान जेवण’ देणाऱ्या हॉटेलांच्या दारात शोभेला ठेवलेले दिसते. दोन दगडी तळ्या, मधे खीळ, वर लाकडी खुंटा. तळ्यांना वेळोवेळी टाकी लावून घ्यावी लागे, नाहीतर पीठ जाडे पडे. त्यासाठी गावोगाव हिंडणारे कारागीर असत. पहाटे दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात. घरात माणसे जास्त असली की दोन-तीन तास जात. माणूस असा सलग राबतो तेव्हा साधारण पाऊणशे वॅट शक्ती देऊ शकतो. म्हणजे एकीचे तीन तासांचे दळण विजेच्या हिशेबात पाव युनिटसुद्धा भरत नाही. आजच्या बिलात त्याचे दोन-तीन रुपये होतील. ज्या कामापायी एकेका बाईची पहाट जन्मभर गहाण पडली होती, त्याची ही आजची किंमत.

पण जात्यातून पीठ जसे बाहेर पडे तसे आणखीही काही पडे. सासरी आलेल्या मुलीला मोकळेपणी बोलायला घरात दुसरी जागा नव्हती. जात्यावर ती बोले, आणि ते बोलणे कोणाला उद्देशून नसल्यामुळे कोणाला त्याचा जाब विचारता येत नसे. दगडाची घरघर चालू असल्यामुळे पलीकडे झोपलेल्यांना ऐकू न आल्याचे सोंगही आणता येई. दिवाळीला न आलेला भाऊ, आईची आठवण, सासूचा जाच, सीतेचा वनवास, पंढरीची वाट हे सारे ओवीत आले. दलित बायकांच्या ओव्यांत बाबासाहेब आले, आणि ते पुढाऱ्यांच्या भाषणांतल्यापेक्षा जास्त जवळचे वाटतात. ओवीचा प्रवास लग्नाच्या वाटेने होई. मुलगी माहेरच्या ओव्या घेऊन सासरी जाई, तिथल्या जावा-नणंदांच्या ओव्या उचली, तिची मुलगी त्या तिसऱ्या गावी नेई. सोयरीक जिथपर्यंत, तिथपर्यंत ओवी. बायकांचे हे टपालखाते शाळा, शाई, कागद यांच्या मदतीवाचून शतकानुशतके चालले, आणि ते चालवणारी ऊर्जा दळणाच्या कष्टातून येत होती. जे हात राबत होते, त्यांचेच तोंड मोकळे होते.

मग गिरणी आली. आधी डिझेल इंजिनाची, पुढे विजेची. दहा एचपीची मोटर साडेसात किलोवॅटची असते. जात्याचाच हिशेब लावला तर एका मोटरीत शंभर बाया बसल्या. हा बदल बायकांवर कोणी लादला नाही. त्यांना तो हवा होता, आणि जात्यासाठी हळहळणाऱ्या कोणीही एकदा पायलीभर बाजरी दळून पाहावी आणि मग लेख लिहावा असे माझे स्पष्ट मत आहे. या संग्रहात जुन्याचे गोडवे गाणारा लेख घेतलेला नाही. तसा एक आला होता, चांगला लिहिलेला होता, तरी परत केला.

गिरणीने दुसरेही काही केले. दळण घरातून उठून गावाच्या रस्त्यावर आले. तिथे दळणाचे डबे रांगेत लागले, रांगेत मुले आणि बाया उभ्या राहिल्या, आणि गावाला बातम्यांची एक नवी जागा मिळाली. पण या जागेची बातमी वेगळी होती. पट्टा फडफडत असतो, मोटर ओरडत असते, मोठ्याने आणि थोडक्यात बोलावे लागते. तिथे भाव, निवडणूक, कोणाची मुलगी कोणाला दिली हे बोलता येते; सासूबद्दल बोलता येत नाही, कारण सासूची बहीण मागच्याच डब्यापाशी उभी असते. आधी कोणाचे दळायचे, कोणाला उधार द्यायचे, हे ठरवणारा एक गिरणीवाला आता मधे आला. त्यातून एक अलिखित शिस्तही तयार झाली. ज्वारीवर ज्वारी टाकायची, हरभऱ्यावर लगेच गहू टाकायचा नाही, उपासाच्या भाजणीचा वार वेगळा. प्रत्येक घराच्या जात्याला स्वतःची शुद्धता सांभाळता येत होती. गिरणीत आधीच्या दळणाचे पसाभर पीठ पुढच्याच्या डब्यात जाणारच, मग ते कुठल्याही घरचे असो. सोवळ्या-ओवळ्याच्या इतिहासात या पसाभर पिठाची दखल घेतली गेली पाहिजे. एका लेखात ती आहे, पण त्रोटक. त्यावर कोणीतरी प्रबंध लिहायला हरकत नाही.

ओवी मात्र गिरणीत शिरली नाही. ती लग्नातल्या हळदीपुरती उरली. जात्याला कुंकू लावून पाच सवाष्णी हळकुंडे भरडतात तेव्हा ज्येष्ठ बायकांना चार ओव्या आठवतात, बाकीच्या मोबाइलवर व्हिडिओ काढतात. राईरकर आणि पॉइटवँ यांचे काम सुरू झाले ते नेमके गावोगावची जाती थांबू लागली त्या काळात. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या काहींचे ध्वनिमुद्रण झाले, ओव्यांची संगणकावर वर्गवारी झाली, आणि आज हा संग्रह ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. पूर्वी सोयरिकीच्या वाटेने फिरणारी ओवी आता कुठूनही कुठेही ऐकता येते. ती गाणारीला कष्ट पडत, ऐकणाऱ्याला आता चार्जिंग लागते. बहिणाबाई चौधरींच्या वाट्याला टिपले जाण्याचा हा योग जरा आधी आला. घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, सुचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापून आली. साने गुरुजींनीही ‘स्त्री जीवन’मध्ये बायकांच्या ओव्या जमवल्या. लिहिणारा मुलगा किंवा एखादा गुरुजी ज्यांना भेटला नाही अशा किती बहिणाबाई पिठाबरोबर गेल्या असतील, याला हिशेब नाही.

मुळशीतली दुसरी गोष्ट पाण्याची. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस मुळा, भीमा, कृष्णा अशी वाट धरून बंगालच्या उपसागराकडे जायला निघतो. टाटांच्या योजनेने तो घाटमाथ्यावरच अडवला आणि पश्चिमेकडे, कोकणात, सुमारे पाचशे मीटर खाली सोडला. फेब्रुवारी १९१५मध्ये लोणावळ्याच्या तलावांवरची खोपोलीची वीज मुंबईला पोचली, १९२२मध्ये भिवपुरीची, आणि १९२७मध्ये मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. पाचशे मीटरवरून हजार लिटर पाणी खाली आले तर साधारण सव्वा युनिट वीज होते. मघाच्या हिशेबाने पाच-सहा पहाटांचे दळण. हे गणित मांडले की धरण कशासाठी एवढे मोठे लागते ते कळते, आणि ते गणित मुंबईत मांडणाऱ्याला मावळातली जमीन निव्वळ एक भांडे का दिसत होती तेही कळते.

त्या भांड्यात पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी होत्या, त्यांत भाताची खाचरे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ बापट झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीतून एक अडचणीची गोष्ट पुढे येते. मावळ्यांच्या जमिनींवर पुण्यातल्या सावकारांचे हक्क होते. मावळ्याला जमीन हवी होती आणि सावकाराला चांगला मोबदला चालणार होता. दोघेही एकाच मांडवाखाली उभे होते, आणि मोबदल्याचे सूत जमू लागले तसा मांडव विरळ झाला. वीज मुंबईला जाणार, बातमी पुण्यात छापली जाणार, पाणी मावळात साचणार. तीन ठिकाणे, आणि निर्णय या तिन्हींपैकी सर्वांत लांबच्या ठिकाणी. शेवटी धरण झाले. घाटमाथ्यावरच्या पाण्याचे दिवे मुंबईत लागले. काठच्या वाड्यावस्त्यांना आपल्या घरातला दिवा पाहायला फार थांबावे लागले.

योगायोग असा की खोपोली सुरू झाली त्याच १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला. बलुतेदार-अलुतेदारांचा तो ताळेबंद आपण जातिव्यवस्थेवरचे पुस्तक म्हणून वाचतो. एकदा तो ऊर्जेचा ताळेबंद म्हणून वाचून पाहावा. कोण कोणासाठी राबतो, बैल कोणाचे, सरपण कोण आणते, मेलेले ढोर कोण ओढतो, सांगावा घेऊन कोण धावतो. त्या गावात शक्तीचे आणि निरोपाचे सारे साधन माणूस हेच होते, आणि कुठल्या जातीच्या माणसाने कुठले साधन व्हायचे ते जन्माआधीच ठरलेले होते. महाराच्या वाट्याला सांगावा पोचवण्याचे काम होते. बातमी नेणाऱ्याला बातमीवर हक्क नव्हता.

मुंबईच्या गिरण्यांकडे वळले की हाच धागा आणखी ताणला जातो. विजेचे दिवे नव्हते तोवर गिरणीला सूर्य मावळला की थांबावे लागे. विजेचे दिवे लागले आणि मालकांना रात्रीचाही दिवस करता आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही गिरण्यांत कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठी ते बारावर आणले, त्यालाही वीस-पंचवीस वर्षांची ओरड कारण झाली होती. त्या ओरडीची सुरुवात नारायण मेघाजी लोखंड्यांपासून. १८९०मध्ये रविवारची सुट्टी त्यांच्याच प्रयत्नाने मिळाली. पण दिव्याने तास वाढवले त्याच काळात चाळीतल्या दिव्याखाली कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होते आणि दहा जण ऐकत होते. जुलै १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणगाव सहा दिवस बंद राहिला. अक्षरओळख नसलेला कामगार बातमीवर संप करतो, ही गोष्ट दिवा, छापखाना, आगगाडी आणि दाटीची चाळ या चौघांच्या एकत्र येण्याशिवाय घडली नसती.

तारेचा एक किस्सा इथेच सांगून टाकतो, कारण संग्रहात त्याला स्वतंत्र लेख नाही. १८७०मध्ये समुद्राखालून मुंबई-एडन तार आली आणि कापसाचे भाव काही तासांत लंडनहून मुंबईला पोचू लागले. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडता आणि बंद होता भाव तारेने येई आणि त्यावर मुंबईत सट्टा चाले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे थांबले, पण सट्टा थांबला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे लावायची पद्धत आली आणि ‘ओपन-क्लोज’ साऱ्या महाराष्ट्रात पानटपरीपर्यंत पोचले. माहिती गेली, तिची सवय राहिली. असे नमुने संस्कृतीच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यावेत.

थोडे सिद्धान्ताबद्दल. लेस्ली व्हाइट या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९४३मध्ये मांडले की माणशी जितकी जास्त ऊर्जा वापरात येईल आणि जितकी कार्यक्षम साधने असतील तितकी संस्कृती पुढे जाते. हे सूत्र सुटसुटीत आहे, आणि ‘पुढे’ म्हणजे कोणीकडे हे त्यात ठरत नाही. हॅरॉल्ड इनिस हा कॅनडाचा आर्थिक इतिहासकार फर आणि मासे यांच्या व्यापाराचा अभ्यास करता करता माध्यमांकडे वळला. दगड आणि मातीच्या विटा काळावर मात करतात, हलका कागद अंतरावर मात करतो, आणि कुठल्या माध्यमावर भिस्त आहे त्यावर राज्याची घडण ठरते असे त्याने दाखवले. ओवी यात कुठे बसते? ती दगडाशी बसून गाइली जाते आणि कागदाहूनही हलकी आहे. इनिसच्या चौकटीला ती पुरते सापडत नाही, आणि अशाच ठिकाणी मराठी अभ्यासकाला स्वतःचे काही सांगण्याजोगे आहे. इव्हान इलिचने १९७०च्या दशकात बजावले की एका मर्यादेपलीकडची ऊर्जा विषमता वाढवते. मर्यादा कोणती ते तो वेगाच्या आकड्यात सांगतो आणि तिथे मला तो जरा हट्टी वाटतो.

आपल्याकडे या वाटेने सर्वांत लांब गेले ते दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिती माणूस, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जायचा, आणि सुट्टीत काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवायचा. लेणी घाटवाटांच्या तोंडाशी का आहेत, देवीचे ठाणे जुन्या पायवाटांच्या तिठ्यावर का सापडते, हे प्रश्न त्यांनी पोथीत शोधण्याऐवजी चालून सोडवले. हेच कोसंबी १९६०च्या सुमारास अणुऊर्जेच्या ऐवजी सौरऊर्जेचा आग्रह धरत होते. ऊन गावोगाव पडते, तेव्हा वीजही गावोगाव तयार होऊ शकते आणि तिच्यासाठी एका केंद्राकडे तोंड करून बसावे लागत नाही. पायवाटांचा शोध आणि सौरऊर्जेचा आग्रह हे दोन्ही एकाच माणसाचे आहेत यात नवल वाटायचे कारण नाही.

आता आजच्या गावाकडे. महाराष्ट्रात चाळीस लाखांहून अधिक शेतीपंप आहेत. थ्री फेज लाइट आठ-दहा तास, तीही बऱ्याचदा रात्रीची. लाइट कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून शेतकरी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतो. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. एकट्याने बसवला तर चैन. डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांनी बसवला की लाइट येताक्षणी साऱ्या मोटरी एकदम उठतात, उठताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात, व्होल्टेज कोसळते आणि कधी मोटर जळते, कधी डीपी. कपॅसिटर बसवले तर व्होल्टेज सुधारते, पण एकट्याने बसवून भागत नाही, म्हणून कोणीच बसवत नाही. डीपी जळाली की वर्गणी, ट्रॅक्टर, वायरमनच्या विनवण्या, आणि उभ्या उसाकडे बघत आठ-दहा दिवस. ज्याची शेती तालुक्यातल्या पुढाऱ्याच्या शेताला लागून आहे त्याची डीपी लवकर येते. हा विजेचा प्रश्न की गावकीचा? पुण्याच्या ‘प्रयास’च्या ऊर्जा गटाने वीजपुरवठ्याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, त्या या प्रश्नाची तांत्रिक बाजू समजायला फार उपयोगी आहेत. गावकीची बाजू लिहायला कथाकार लागतात, आणि त्यांना डीपी कशी चालते ते ठाऊक असावे लागते.

गेल्या काही वर्षांत त्याच स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड घातलेले यंत्र आले. लाइट आली की ते मालकाला फोन करते. मालक अंथरुणातून बटण दाबतो आणि मोटर चालू होते. त्यामुळे बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीने रात्री विहिरीवर जायची पाळी टळली, हा लाभ लहान नाही. पण पूर्वी लाइट आली का हे पाहायला चौघे बांधावर जमत, विडी ओढत, कोणाची पाळी आधी यावर भांडत आणि मिटवतही. आता प्रत्येकाचा फोन वेगळा वाजतो. भांडण कमी झाले आणि मिटवामिटवीही. दोन हजारांच्या यंत्राने पाणीवाटपाची पंचायत मोडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तिची बैठक मोडली एवढे म्हणता येईल.

अशा उदाहरणांमुळे ‘तंत्रज्ञान समाज घडवते’ हे वाक्य संग्रहातल्या बहुतेक लेखकांनी टाळले आहे. तेच यंत्र एका गावात वाद वाढवते, शेजारच्या गावात पाणीवापर संस्था मजबूत असल्यामुळे तिचेच काम सोपे करते. यंत्राच्या अंगी कल असतो, हे खरे. डीपी लोकांना एकत्र यायला भाग पाडते, फोन वेगळे व्हायची मुभा देतो. कलाच्या बाजूने जायचे की उलट, हे गावातली जुनी नाती ठरवतात.

जे या संग्रहात नाही तेही सांगायला हवे. नवी मुंबईत डेटा सेंटरांची रांग उभी राहते आहे, वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबल लागतात, आणि आपण पाहतो त्या व्हिडिओंना थंड ठेवायला किती वीज आणि पाणी लागते यावर मराठीत फारसे काही लिहिलेले नाही. आमच्याही हाती छापण्याजोगे काही लागले नाही. दुसरी उणीव सौरपंपांची. २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आली, त्यानंतर वैयक्तिक सौरपंपांनाही जोर आला. सौरपंपाला डीपी नाही, बिल नाही, वायरमन नाही. सूर्य आहे तोवर पाणी उपसता येते आणि उपसणाऱ्याला थांबवणारे लोडशेडिंगही नाही. कोसंबींना अभिप्रेत होते ते विकेंद्रीकरण हेच का, आणि रात्रीच्या फेऱ्यांतून सुटलेला शेतकरी जमिनीखालच्या पाण्याच्या बाबतीत शेजाऱ्यापासूनही सुटतो का, याचे उत्तर आज कोणाकडे नाही. विहिरींची पातळी आणि बांधावरचे तंटे या दोन्हींच्या नोंदी आत्तापासून ठेवाव्या लागतील, आणि त्यासाठी भूजलाचा जाणकार आणि गावकीचा जाणकार निदान दोन-चार हंगाम एकाच मोटारसायकलवरून हिंडायला हवेत.